कोकणातून आखाती देशांत नोकरीला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, चिपळूण, राजापूर या भागांत असे गाव क्वचितच सापडेल, जिथले कोणी ना कोणी मस्कत, कुवेत, दोहा, दुबई किंवा जेद्दा येथे नोकरीला नाही. तरीही नव्याने निघणाऱ्यांचे प्रश्न दर वर्षी तेच असतात. मी स्वतः आखातात नोकरी करून परतलो असल्यामुळे ते माझ्याकडे येत राहतात. त्यांपैकी जे सर्वांच्या उपयोगाचे आहेत, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. तिकडे वाट्याला येणाऱ्या बहुतेक त्रासांचे मूळ इकडच्या, निघण्यापूर्वीच्या घाईत असते, असे माझे ठाम मत आहे; म्हणून सुरुवातीचे प्रश्न विशेष लक्षपूर्वक वाचावेत.

१. माझ्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का आहे. म्हणजे मला परदेशी जाता येणार नाही का?

जाता येते, मात्र नोकरीसाठी जाताना आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ईसीआर म्हणजे ‘इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे, त्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे हा शेरा असतो. असा पासपोर्ट असलेल्या व्यक्तीला आखातातील सहाही देशांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावरून उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी मिळवावी लागते. ही तरतूद १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातील असून तिचा हेतू अडवणूक करणे हा नसून कमी शिकलेल्या कामगाराचा करार कोणीतरी तपासून पाहावा हा आहे. आपण दहावी उत्तीर्ण असूनही शेरा असेल, तर प्रमाणपत्र दाखवून पासपोर्ट पुन्हा काढून घेता येतो. ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी जाणाऱ्या स्त्रियांना वयाची ३० वर्षे पूर्ण असण्याची अट आहे, हेही लक्षात ठेवावे.

दहावी झालेल्यांना ही मंजुरी लागत नाही, ही सोय आहे आणि धोकाही. सोय अशी की वेळ वाचतो. धोका असा की त्यांचा करार कोणीच तपासत नाही आणि प्रश्न १५ मध्ये सांगितलेला विमाही त्यांना आपोआप लागू होत नाही.

२. एजंट खरा की खोटा हे कसे ओळखावे, आणि त्याला किती पैसे द्यावेत?

परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक ई-मायग्रेटवर टाकून नोंदणी आज चालू आहे की रद्द झालेली आहे, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते.

प्रत्यक्षात गावागावांत फिरतो तो मुंबईच्या एजंटचा ‘माणूस’. तो बहुधा ओळखीचा, कधी नात्यातला असतो आणि त्यामुळेच त्याच्याकडे कागद मागण्याचा संकोच वाटतो. कायद्यात अशा बिननोंदणीच्या उपएजंटला स्थान नाही. त्याच्या हातात दिलेले पैसे मुख्य एजंटने नाकारले तर आपल्याजवळ पुरावा काहीही उरत नाही. म्हणून पैसे थेट नोंदणीकृत कार्यालयाच्या बँक खात्यात भरावेत, रोख देऊ नयेत, आणि कोणी ‘व्हिसाचे दीड लाख’ मागितले तर तेथून उठून यावे. व्हिसा आपण विकत घेत नसतो. वर सांगितलेले सेवाशुल्क सोडले तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. त्या दीड लाखासाठी बायकोचे दागिने सोनाराकडे ठेवणारी किंवा आंब्याची बाग तीन-चार हंगामांच्या करारावर आगाऊ देऊन टाकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. पहिली दोन वर्षे त्यांचा पगार त्या एका चुकीची भरपाई करण्यात गेला. हे टाळण्याजोगे आहे.

३. ‘आधी व्हिजिटवर या, इथे आल्यावर व्हिसा बदलून घेऊ’ असे सांगितले जात आहे. जावे का?

नोकरीसाठी जायचे असेल तर जाऊ नये. व्हिजिट व्हिसावर काम करणे तेथील कायद्याने गुन्हा आहे आणि अशा काळात पगार बुडाला किंवा अपघात झाला तर आपण कागदोपत्री कामगार नसता. अमिरातीत मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५० दिरहम दंड चढतो, म्हणजे शंभर दिवसांत तो ५,००० दिरहमांवर जातो. दुबईत राहणारा सख्खा भाऊ आपल्या जबाबदारीवर बोलावत असेल आणि आपण मुलाखती देऊन परत येणार असाल, तर गोष्ट वेगळी आहे. पण तेव्हाही परतीचे तिकीट आणि परतण्याएवढे पैसे स्वतःजवळ असावेत.

४. करारपत्रात नेमके काय पाहावे? पगार चांगला लिहिला आहे.

एकूण पगाराचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. सर्वांत आधी मूळ पगार, म्हणजे ‘बेसिक’, किती आहे तो पाहावा, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावर मोजली जाते. अमिरातीच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. समजा, दोघांचा एकूण पगार २,००० दिरहमच आहे. पण एकाचा बेसिक ८०० आणि दुसऱ्याचा १,५०० आहे. पाच वर्षांनी पहिल्याला २,८०० आणि दुसऱ्याला ५,२५० दिरहम मिळतील. तेथे ओव्हरटाइमही बेसिकवरच मोजला जातो, त्यामुळे प्रत्यक्षातील फरक याहून मोठा असतो.

त्यानंतर राहण्याची जागा कंपनीची की आपली, जेवणाचे पैसे वेगळे की पगारातच, कामाचे तास किती, सुट्टी दर वर्षी की दोन वर्षांतून एकदा, येण्याजाण्याचे तिकीट कोणाकडे आणि चाचणीचा काळ किती (अमिरातीत तो सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही), हे मुद्दे पाहावेत. कामाचा प्रकारही वाचावा. ‘ड्रायव्हर’ म्हणून निघालेल्या माणसाच्या व्हिसावर दुसराच हुद्दा असेल तर तेथे गाडी चालवण्याचा परवाना काढतानाच अडचण येऊ शकते.

मुंबईत सही केलेला करार आणि तेथे पोहोचल्यावर समोर ठेवलेला करार यांत फरक आढळला, तर सही करण्यापूर्वी विचारावे. मूळ कराराची एक प्रत घरी आणि एक स्वतःच्या मोबाइलमध्ये असेल, तरच हे विचारण्याला वजन राहते.

५. गामकाच्या तपासणीत माणूस नापास कशामुळे होतो?

आखातात जाण्यापूर्वी करायच्या वैद्यकीय तपासणीचे गामका हे जुने नाव लोकांच्या तोंडी आहे. आता ही नोंदणी ‘वाफिद’ या प्रणालीतून होते आणि तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. क्षयरोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांसाठी प्रामुख्याने तपासणी असते. आपल्याकडील लोकांना सर्वाधिक फटका बसतो तो छातीच्या एक्स-रेमधील जुन्या क्षयाच्या डागामुळे. रोग पूर्ण बरा झालेला असला तरी फुप्फुसावरचा व्रण नापास होण्यास पुरेसा ठरू शकतो. ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे, त्यांनी एजंटला एक पैसाही देण्यापूर्वी जवळच्या डॉक्टरांकडून साधा एक्स-रे काढून घ्यावा. एका केंद्राने नापास केले की त्याची नोंद प्रणालीत राहते, त्यामुळे दुसऱ्या केंद्रातून ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

६. कोणती कागदपत्रे साक्षांकित करावी लागतात? माझ्या कागदांवरची नावे एकसारखी नाहीत.

पदवी किंवा पदविका हुद्द्यासाठी, आणि विवाहाचा व जन्माचा दाखला कुटुंब नेण्यासाठी लागतो. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया या देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टील’, म्हणजे परदेशात चालणारे एकाच टप्प्यातील साक्षांकन, पुरते. अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्या देशाचा दूतावास अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. सौदीला जाणाऱ्या इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर यांसारख्या कारागिरांना याशिवाय कौशल्याची चाचणी द्यावी लागते.

नावांचा गोंधळ हा मात्र आपला खास दुखरा भाग आहे. शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेले आडनाव, आधारवर वाडीचे किंवा घराण्याचे, आणि पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी, असे एकाच माणसाच्या बाबतीत आढळते. आडनाव नसलेल्या, एकाच नावाच्या पासपोर्टवर अमिरातीच्या व्हिजिट व्हिसाला नोव्हेंबर २०२२ पासून अडचण येते. लग्नानंतर बदललेले पत्नीचे नाव विवाहाच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे असेल, तर कौटुंबिक व्हिसा अडतो. उपाय एकच आहे: पासपोर्ट हा पाया धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत, गरज पडल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा, आणि हे सारे नोकरी मिळाल्यावर नव्हे, नोकरी शोधायला लागतानाच सुरू करावे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात अनेकांच्या कपाटातली कागदपत्रे चिखलात गेली. मूळ कागद माळ्यावर, प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवावेत आणि प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा ईमेलवर असाव्यात.

७. सामानात काय नेऊ नये? आई मसाले आणि सुकी मासळी देणार आहे.

खसखस नेऊ नये, अगदी चिमूटभरसुद्धा. आपल्या स्वयंपाकघरात ती वाटणात आणि अनारशांवर असते, पण अमिराती आणि सौदीत ती अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. म्हणून घरी केलेला मसाला नेताना त्यात खसखस घातली आहे का, हे आईला आवर्जून विचारावे. वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांपैकी ट्रॅमाडॉल व कोडीन असलेली औषधे तेथे नियंत्रित आहेत. नियमित औषध घ्यावे लागत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ वेष्टन आणि त्या देशाची पूर्वपरवानगी याबाबत आधी खात्री करून घ्यावी. फणसपोळी, आमसुले, कुळथाचे पीठ यांची सहसा अडचण येत नाही. सुकट-बोंबील नेताना ते नीट बंद करावेत आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याने विचारल्यास लपवू नयेत.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसऱ्याने दिलेले पुडके. ‘आमच्या मुलाला एवढे द्या’ म्हणून शेजारून पिशवी येते आणि नाही म्हणणे जिवावर येते. तरी ती पिशवी देणाऱ्याच्या समोर पूर्ण उघडून पाहावी, औषधे असतील तर नाकारावीत. विमानतळावर सामान ज्याच्या नावावर आहे, त्यालाच उत्तर द्यावे लागते.

८. विमान जुलैमधले आहे. गावाहून कधी निघावे?

किमान एक पूर्ण दिवस आधी. पावसाळ्यात कोकण रेल्वे कमी वेगाने, वेगळ्या वेळापत्रकाने धावते आणि दरड कोसळल्यास रेल्वे व महामार्ग दोन्ही एकाच वेळी बंद पडू शकतात. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या भागातील लोकांनी मुंबईऐवजी मोपा येथून जाणाऱ्या विमानांचा विचार अवश्य करावा.

९. पोहोचल्यावर कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला. हे बरोबर आहे का?

नाही. व्हिसाचा शिक्का किंवा इकाम्याचे (तेथील निवास परवान्याचे) काम होईपर्यंत काही दिवस पासपोर्ट द्यावा लागतो, पण त्यानंतर तो अडकवून ठेवणे आखाती देशांच्या कायद्यांत बसत नाही. आधी लेखी मागणी करावी, न मिळाल्यास तेथील कामगार कार्यालयाकडे किंवा भारतीय दूतावासाकडे जावे. इकामा किंवा ओळखपत्र मात्र नेहमी स्वतःच्या खिशात असावे.

१०. गणपतीला दर वर्षी येता येईल का?

ते करारातील सुट्टीवर अवलंबून आहे (प्रश्न ४ पाहा). सुट्टी मंजूर झाली तरी सौदीत बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा लागतो, आणि कुवेतमध्ये १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतील परदेशी कामगाराला देश सोडताना मालकाच्या संमतीने निर्गमन परवाना घ्यावा लागतो. उन्हाळी सुट्टीत तिकिटे महाग असतात, म्हणून चतुर्थीची तारीख कळताच अर्ज द्यावा.

११. गावच्या बँकेतले जुने खाते तसेच चालू ठेवले तर काय बिघडते?

नोकरीसाठी परदेशी गेल्यावर विदेशी चलन कायद्यानुसार आपण अनिवासी ठरता आणि साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील पगार पाठवण्यासाठी वेगळे एनआरई, म्हणजे अनिवासीच्या परदेशी कमाईचे, खाते उघडावे. त्यातील व्याजावर भारतात कर नाही आणि त्यातील रक्कम परत बाहेर नेता येते. भाडे, बागेचे उत्पन्न, पेन्शन यांसाठी एनआरओ खाते असते आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के दराने, अधिभार वेगळा धरून, कर कापला जातो. घरच्यांना पैसे काढता यावेत म्हणून एनआरई खात्यावर आई, वडील किंवा पत्नी यांना अधिकारपत्र देता येते. हुंडीने पैसे पाठवणे बेकायदा आहे. शिवाय त्याची नोंद कुठेच नसल्यामुळे पुढे घर किंवा जागा घेताना पैसा कोठून आला हे सिद्ध करता येत नाही. नवे पीपीएफ खाते अनिवासीला उघडता येत नाही, मात्र आधीचे मुदत संपेपर्यंत चालवता येते.

१२. तिकडच्या पगारावर भारतात आयकर लागतो का?

नोकरीसाठी भारत सोडलेला नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला असेल, तर तो अनिवासी धरला जातो आणि परदेशातील पगारावर येथे कर लागत नाही. याचाच अर्थ, डिसेंबरमध्ये निघालेल्याला त्या वर्षापुरती ही सवलत मिळणार नाही. ज्यांचे भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे, त्यांच्यासाठी दिवसांचे नियम अधिक कडक आहेत; त्यांनी सनदी लेखापालाला विचारावे.

१३. पैसे साठवून गावी आंब्याची बाग घ्यायची आहे. घेता येईल का?

अनिवासी असताना येत नाही. हा नियम माहीत नसल्यामुळे आपल्या भागात जेवढे नुकसान झाले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही नियमामुळे झालेले नसावे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा-बागायत आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. घर, फ्लॅट किंवा बिगरशेती भूखंड घेता येतो. जाण्यापूर्वी घेतलेली बाग ठेवता येते आणि वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते. त्यामुळे वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस नोंद करून घेणे तेथे असतानाही आपला हक्क आहे आणि ते लवकर करावे.

मग ‘भावाच्या नावावर घेऊ’ असा विचार पुढे येतो. आपल्या पैशाने केवळ भावाच्या नावावर घेतलेली जमीन बेनामी व्यवहारात मोडू शकते, आणि पुढे भावाभावांत बिनसले तर आपल्या बाजूने कागद काहीच बोलत नाही. पत्नी स्वतः भारतात राहणारी व शेतकरी असेल, तर ती स्वतःच्या नावाने घेऊ शकते. मग ती जमीन तिची, हे मनापासून मान्य असावे. कोणताही मार्ग धरण्यापूर्वी वकिलाला लेखी मत मागावे.

१४. सामाईक जमिनीच्या कामासाठी चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र पाठवायचे आहे. कसे करावे?

भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करावी. ते कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात आणि मोजणी, वाटप, विक्री ही तिन्ही कामे निराळी आहेत. म्हणून सर्वाधिकाराचे पत्र देऊ नये. कोणत्या गट क्रमांकासाठी, कोणत्या कामासाठी आणि किती मुदतीसाठी अधिकार दिला, ते स्पष्ट लिहावे. विक्रीचा अधिकार खरोखर द्यायचा नसेल तर ‘विक्रीचा अधिकार नाही’ हे वाक्य त्यात असलेच पाहिजे.

१५. अपघात किंवा मृत्यू झाला तर घरच्यांनी काय करावे?

ईसीआर पासपोर्टवर मंजुरी घेऊन गेलेल्या प्रत्येकासाठी प्रवासी भारतीय बिमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता (कर वेगळा) आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये असे तिचे स्वरूप आहे. अनेक घरांत हा विमा आहे हेच माहीत नसते, म्हणून पॉलिसीची प्रत घरी ठेवावी. दहावी झालेल्यांनी स्वतःहून वेगळा विमा उतरवावा.

मृतदेह आणण्यासाठी तेथील मृत्यूचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे हा खर्च मालकाने करायचा असतो. मालक नसेल किंवा टाळत असेल, तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि भारतातून १८०० ११ ३०९० या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. दफन तेथेच करायचे की मृतदेह गावी आणायचा, याबाबत घरच्यांनी एकमताने एकाच व्यक्तीला बोलण्याचा अधिकार द्यावा, कारण दोन ठिकाणांहून दोन निरोप गेले की काम थांबते.

१६. पत्नी आणि मुलांना नेणे परवडेल का?

अमिरातीत कुटुंब नेण्यासाठी किमान ४,००० दिरहम, किंवा राहण्याच्या जागेसह ३,००० दिरहम पगार लागतो. पण हा परवानगीचा आकडा आहे, संसार चालवण्याचा नव्हे. सौदीत सोबत असलेल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला ४०० रियाल शुल्क आहे. पत्नी आणि दोन मुले धरली तर वर्षाला १४,४०० रियाल होतात. भाडे आणि शाळेची फी त्याहून वेगळी.

मुले नेली तर एक काळजी घ्यावी. तेथील भारतीय शाळांत सीबीएसईचा अभ्यासक्रम सहज मिळतो, मराठी मात्र बहुधा नसते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. सातवी-आठवीत परतलेल्या मुलाला अचानक मराठीचा पेपर लिहावा लागतो. रोज अर्धा तास घरी वाचन-लेखन चालू ठेवावे.

१७. पगार थकला आहे. कंपनी सोडून दुसरीकडे काम धरू का?

न सांगता सोडू नये. मालकाने ‘पळून गेला’ अशी नोंद केली, ज्याला सौदीत हुरूब म्हणतात, तर आपली बाजू खरी असूनही आपणच बेकायदा ठरता. पगार बँकेतून येत असेल तर खात्याचा उतारा हाच पुरावा असतो. तो घेऊन कामगार कार्यालयात तक्रार करावी. कतारने २०२० मध्ये, ओमानने जानेवारी २०२१ मध्ये आणि सौदीने मार्च २०२१ मध्ये नोकरी बदलण्याचे नियम सैल केले आहेत, त्यामुळे रीतसर बदल आता पूर्वीपेक्षा शक्य आहे.

यात एक मोठा अपवाद आहे. घरगुती ड्रायव्हर, स्वयंपाकी, माळी हे ‘खादिम’ व्हिसावरचे लोक सामान्य कामगार कायद्याखाली येत नाहीत. त्यांचे नियम वेगळे असून नोकरी बदलण्याची मोकळीक कमी असते. आपल्याकडून कुवेत-सौदीला जाणाऱ्या अनेक ड्रायव्हरांचा व्हिसा हाच असतो. तो कंपनीचा आहे की घरगुती, हे मुंबईतच विचारून घ्यावे.

१८. जहाजावरच्या नोकरीला हेच नियम लागू आहेत का?

नाही. खलाशी आणि जहाजावरील अधिकारी यांची भरती नौवहन महासंचालनालयाच्या परवानाधारक संस्थांमार्फत होते आणि त्यांना सीडीसी, म्हणजे जहाजावरील नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, लागते. खाते, कर आणि जमीन यांबाबत मात्र प्रश्न ११ ते १३ त्यांनीही वाचावेत. करासाठी त्यांचे भारताबाहेरचे दिवस सीडीसीवरील नोंदींवरून मोजले जातात.

१९. कायमचे परत यायचे आहे. आधी काय उरकावे?

ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ‘सर्व येणे मिळाले’ अशा कागदावर सही करू नये. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, मोबाइल, वीज यांची बाकी फेडून बँकेकडून तसे पत्र घ्यावे. बाकी ठेवून आलेल्यांवर प्रवासबंदी लागू शकते आणि ती पुढे, दुसऱ्या कामासाठी त्या विमानतळावर उतरताना लक्षात येते. भारतात परतल्यावर बँकेला कळवून एनआरई आणि एनआरओ खाती पुन्हा निवासी करून घ्यावीत. शेतकरी असल्याचा पुरावा हाताशी असेल तर बागेचा व्यवहार त्यानंतर करता येतो.